अरादची रायफल आणि पालखीची छत्री

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप उजव्या गालाकडे जातो. का, ते पुढे कळेल. पोलिसात राहून एक खोड लागली आहे, मुद्देमाल पहिल्याच पानावर टेबलावर मांडायचा नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बहरीनच्या पोलीस दलात होतो. रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस तिथल्या पोलिसात कसा, असं मला आजही विचारतात. वडील तिथे नोकरीला होते, मी विशीत त्यांच्यामागे गेलो. उंची बरी होती, इंग्रजी बरं होतं आणि मिशी उत्तम होती. दलात बलुची होते, पाकिस्तानी होते, येमेनी होते. मराठी बोलणारा अधिकारी आमच्या ठाण्यात मी एकटाच. त्यामुळे कोकणातला कुणी अडकला की त्याला माझ्यापुढे उभं करायचं आणि मला मनातल्या मनात गणपतीचा धावा करायला लावायचं, असा रिवाज पडला होता.

माझ्याकडे शस्त्र परवान्यांचं टेबल होतं. वर्षातून एकदा प्रत्येक परवानाधारकाने आपलं हत्यार ठाण्यात आणून दाखवायचं. बहुतेक जुन्या, हरणाच्या शिकारीच्या रायफली. एक गोळी झाडली की दांडी वर उचलायची, बोल्ट मागे ओढायचा, पुन्हा पुढे ढकलायचा, अशा हाताने चालणाऱ्या. मी बोल्ट काढून घ्यायचो. त्यावरचा नंबर आणि रायफलीच्या अंगावरचा नंबर रजिस्टरशी ताडून पाहायचो. मग नळी खिडकीकडे धरून मागच्या बाजूने डोळा लावायचो. आतल्या पीळदार खाचा लखलखल्या की काय आनंद व्हायचा! आणि तांबूस गंज दिसला की मालकाकडे मी असा बघायचो, जणू त्याने पोराला उपाशी ठेवलंय.

खाऱ्या हवेत रायफल सांभाळणं म्हणजे रोजचं काम. लोखंड गंजतं, नळीखालून खांद्यापर्यंत येणाऱ्या दस्त्याचं लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात आकसून तडकतं. म्हणून नळी पुसा, बोल्टला पातळ तेल द्या, दस्त्याला जवसाचं तेल चोळा. जास्त तेल दिलं तर वाळू चिकटते, कमी दिलं तर गंज चढतो. माणूस खरा कसा आहे हे मला जबाबापेक्षा त्याच्या रायफलीवरून लवकर कळायचं.

सगळ्यात सुंदर रायफल होती जवळच्या अराद गावातल्या एका हाजींची. पहिल्या महायुद्धाच्याही आधीची, अक्रोडाच्या दस्त्याची. हाजी सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे फर्डं मुंबई हिंदी बोलायचे. दरवर्षी मला त्याच एका हरणाची गोष्ट सांगायचे. समुद्रापलीकडच्या वाळवंटात, पहाटे, एकाच गोळीत पाडलेलं हरीण. हरीण तेच, पण त्याची शिंगं दरवर्षी चार बोटं वाढायची. बहरीनमधली शिकार तेव्हा संपल्यातच जमा होती. हाजींची मात्र माझ्या टेबलासमोर दरवर्षी व्हायची.

त्या प्रकरणाच्या आदल्या वर्षी हाजींचा हात थरथरत होता. बोल्टची दांडी वर उचलेना. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी उगाच खिडकीबाहेर पाहिलं आणि मागे उभ्या असलेल्या त्यांच्या ड्रायव्हरने हळूच ती उचलून दिली. नियमाप्रमाणे ज्याचा परवाना त्याला हत्यार हाताळता आलं पाहिजे. मी शेरा लिहिला: ‘पुढील तपासणीस धारकाने स्वतः शस्त्र उघडून दाखवावे.’ सही केली, शिक्का मारला आणि विसरून गेलो.

पुढच्या वर्षी तपासणीची तारीख होती एका बुधवारची. त्याआधीच्या रविवारी सकाळी हाजींचा पुतण्या धापा टाकत ठाण्यात आला.

“रायफल गेली! कपाट रिकामं!”

पोलीस ठाण्यात ‘गहाळ शस्त्र’ हे दोन शब्द उच्चारले की चहाचे पेले आपोआप खाली ठेवले जातात. आमचे मुदीर, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, खुर्चीवरून उठले. मी आणि आमचा बलुची हवालदार जीपने अरादला पोचलो. कपाटाचं कुलूप शाबूत. चाव्या दोन. एक हाजींच्या कमरेला, दुसरी गाडीच्या चाव्यांबरोबर ड्रायव्हरकडे. हाजी आतल्या खोलीत पलंगावर टेकून बसले होते. डोक्यावरचा पांढरा गुत्रा गालावरून ओढून हनुवटीखाली बांधलेला, दोन्ही हात शालीत.

“हाजीसाहेब, रायफल?”

“मफी,” ते म्हणाले. नाही. “खलास.”

एवढंच. पुतण्या म्हणाला, काकांची दाढ दुखते आहे, त्यात हा धक्का, जास्त बोलायला लावू नका. मी मान डोलावली आणि बाहेर पडलो. माझ्या नोकरीतली ही सगळ्यात महागडी मान!

सोमवारी खबर आली. शहरातल्या नईम मोहल्ल्यातल्या एका दुकानदाराने हवालदाराच्या कानात सांगितलं की हाजींचा ड्रायव्हर शुक्रवारी गोणपाटात गुंडाळलेली लांबलचक वस्तू घेऊन त्याच्या खोलीचा जिना चढताना दिसला. नईममध्ये आमच्या संगमेश्वराकडची आठ माणसं एका खोलीत राहायची, ड्रायव्हर त्यांतलाच.

आम्ही छापा घातला. स्टोव्हवर कुळथाचं पिठलं रटरटत होतं. खाटेखाली खरोखरच गोणपाटाचं लांब बोचकं! हवालदाराने मला मागे सारलं, “साब, आप पीछे,” आणि दोरी कापली. आतून एक दांडा निघाला. त्याने दांड्यावरची कळ दाबली. फाडकन आवाज झाला, आम्ही दोघे भिंतीला चिकटलो आणि त्या कोंदट खोलीत लाल मखमलीची, सोनेरी झालरीची भलीमोठी छत्री उघडली!

“ही काय भानगड?” मी मराठीतच ओरडलो.

ड्रायव्हर चाळिशीचा, काटक माणूस. खाली मान घालून म्हणाला, “पालखीची छत्री हाय, सायब. शिमग्याची.”

मला खुलासा लागलाच नाही. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर नाचते, आणि पहिला खांदा कुठल्या घराण्याने द्यायचा हे ठरलेलं असतं. त्याच्या घराण्याचा मान. तीन वर्षं लीव्ह मिळाली नव्हती, तीन वर्षं चुलतभावाने खांदा दिला होता. यंदाही तो गेला नाही, तर गावकी मान कायमचा चुलत्यांकडे देणार होती. त्याचं विमान गुरुवारचं होतं.

एवढ्यावर मी हसत परत आलो असतो. पण हवालदाराने खाटेखाली आणखी हात घातला. पितळेची लांब सळई, कापसाच्या चिंध्या, आणि एक बाटली, आत काळपट, दाट काहीतरी. सळई रायफलीची नळी साफ करायची होती. माझं हसू गेलं.

“हे काय आहे?”

“काय नाय, सायब.”

“रायफल कुठे आहे?”

“मला म्हाईत नाय.”

“तुम्ही रायफल हाताळायचा का?”

“मी? मी ड्रायवर मानूस. मला त्यातलं काय कळतंय?”

त्याला कोठडीत घेतला. मुदीरांनी सांगितलं, बुधवारी सकाळी कागद सरकारी वकिलांकडे जातील. कागद गेले की पासपोर्ट जप्त, विमान गेलं, व्हिसा गेला, आणि शिक्षा झालीच तर पुढचे किती शिमगे जातील ते देवाला ठाऊक. माझ्याकडे मंगळवारचा एक दिवस होता.

आता माझी लबाडी ऐका. हा माणूस खोटं बोलतोय हे कळत होतं, पण चोरासारखं नाही. चोर जरा जास्तच बोलतो. हा गप्प होता. मंगळवारी सकाळी मी आमच्या शस्त्रागारातून त्याच जातीची एक म्हातारी रायफल मागवली. ती टेबलावर आडवी ठेवली, त्याला समोर बसवलं, चहा दिला आणि त्याच्याकडे न बघता तिची साफसफाई सुरू केली. मुद्दाम चुकीची! बोल्ट काढलाच नाही. शस्त्रागारातल्या डब्यातलं पातळ तेल बदाबदा ओतलं. त्याचा पेला हातातच थांबला. मग मी पितळेची सळई उचलली आणि नळीच्या पुढच्या तोंडातून आत खुपसून खसाखसा घासायला लागलो.

पहिला घासा. त्याच्या कपाळावर आठी. दुसरा घासा. तो खुर्चीच्या कडेवर आला. तिसऱ्या घाशाला तो ओरडलाच.

“ओ सायब, फुडनं नाय! मागनं घाला, मागनं! तोंड झिजलं तर गोळी वाकडी जाईल तिची!”

आणि पेला ठेवून, मला बाजूला करून, त्याने एका झटक्यात बोल्ट काढला, सळई मागच्या बाजूने घातली आणि चिंधी एकाच दिशेने ओढून बाहेर काढली. इतकं देखणं काम मी आमच्या शस्त्रागारातही पाहिलं नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने हळूच रायफल खाली ठेवली.

“ड्रायव्हर माणूस,” मी म्हणालो. “त्यातलं काय कळतंय, नाही का?”

दारातला हवालदार मिशीत हसत होता. ड्रायव्हरच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

“सायब, मी सांगतो, पन तुमी ल्ह्यायचं नाय.”

“ऐकतो आधी.”

“चार वर्सं झाली, मीच ठेवतो तिला. हाजींचे हात चालत नायत. रात्री कपाट उघडून मी पुसतो, सकाळी हाजी पोरास्नी सांगतात, बघा, म्हाताऱ्यानं कशी ठेवलीय. मी बी म्हनतो, व्हय व्हय. आता हे तुमास्नी सांगितलं तर तुमी त्यांचा परवाना काढून घेनार. मागच्या साली तुमीच तसं लिवलंत.”

मी टेबलाकडे पाहिलं. खाटेखाली सापडलेली बाटली पुढे ओढली.

“आणि ही बाटली?”

तो ओशाळला. “काजूच्या टरफलाचं त्याल. गावाकडनं आनलंय. दस्ता पांढरा पडला होता, बारीक चीर गेली होती. जवसाच्या त्यालानं भागंना. माझा बा होडीला हेच लावायचा. खारं पानी काय, वाळवी काय, कायपन शिवत नाय. गुरुवारी सांजेला लावलं. तपासनीला झाक दिसंल म्हनून. हाजींस्नी सांगितलं नाय. सुकस्तोवर हात लावायचा नाय येवढंच असतंय, आनि तपासनीआधी तिला कोन हात लावतंय, असं वाटलं.”

वाचकहो, कोकणातल्या वाचकांनी एव्हाना टाळी दिली असेल. इतरांसाठी सांगतो. काजूच्या टरफलाचं कच्चं तेल कातडीला लागलं की बिब्ब्यासारखं उततं. दोन दिवसांत फोड येतात, काळे डाग पडतात. आमच्याकडे काजू भाजणाऱ्या बायकांचे हात बघावेत! हा ड्रायव्हर हाताला खोबरेल चोपडून, काठीला फडकं बांधून काम करणारा जाणकार. पण ज्याने ती ओली रायफल उचलली, त्याला हे कुठून ठाऊक असणार?

मी खुर्चीवरून उडालोच. “हवालदार! चोराने रायफल उचलली, म्हणजे तळहातावर फोड! आणि खांद्याला लावून नेम धरला असेल तर?”

हवालदाराने हवेतच रायफल धरली, दस्ता खांद्याला, मान वाकडी, आणि त्याचे डोळे मोठे झाले. “गाल पे, साब!”

“यल्ला! चला!”

जीप अरादकडे सुटली. पण फोड आलेला हात दाखवा असं म्हटलं तर फोडवाला पळेल. म्हणून वाटेत मी ठरवलं, आज आपण ज्योतिषी. हाजींच्या दिवाणखान्यात बसलो, कॉफी घेतली आणि पुतण्याला म्हणालो, “आम्ही हिंदी लोक हात बघून चोर सांगतो.” तो हसला, पण हात पुढे केला. मी उजवा पाहिला, डावा पाहिला, गाल उजेडाकडे वळवला. लोण्यासारखा गाल! त्याला म्हणालो, तुमचं दुसरं लग्न होईल. तो खूश झाला. मग स्वयंपाकी आला. त्याच्या हातावर कांदा कापल्याची खूण, बाकी साफ. त्याला परदेशयोग सांगितला. तो केरळहून आलेला, म्हणाला, साहेब, हा चालू आहे तो कोणता? माळी आला, शेजारचे दोघे आले, रांगच लागली. मी नशिबं वाटत होतो आणि आतून माझं नशीब खाली खाली चाललं होतं. सगळे हात कोरे! घड्याळ पुढे सरकत होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाजींचा आवाज आला. “बाहेर हा काय तमाशा चाललाय?”

पुतण्या घाईने उठला. “काका, काही नाही. झोपा.”

मी दारात गेलो. हाजी तसेच बसलेले. गुत्रा गालावर, हात शालीत. आणि तिथे, त्या उंबऱ्यावर, माझ्या डोक्यात दिवा लागला. दाढ दुखते त्याचे हात कशाला शालीत लपतील?

“हाजीसाहेब,” मी हिंदीत म्हणालो, “चोर शोधतोय. तसा एक सापडलाय. तुमचा ड्रायव्हर कालपासून माझ्या कोठडीत आहे. उद्या सकाळी कागद वकिलांकडे जातील.”

पुतण्याने कपाळाला हात लावला. त्याने हे काकांपासून लपवलं होतं. ड्रायव्हर कुठे आहे असं विचारल्यावर ‘विमानाच्या तयारीत आहे’ असं सांगितलं होतं.

हाजी सावरून बसले. मग शालीतून डावा हात काढून माझ्यासमोर धरला. तळव्यावर टपोरे फोड, बोटांवर काळे डाग.

“माझा हात राहिला, ज्योतिषी. बघ.”

आणि उजव्या हाताने गुत्रा सोडला. उजवा गाल दस्त्याच्या आकारात सुजला होता. खरंच सांगतो, दस्त्याची कड मोजता आली असती!

“शुक्रवारी सगळे नमाजाला गेले होते,” ते म्हणाले. “म्हटलं, बुधवारी तुझ्यासमोर उघडायची आहे, तर एकट्याने उघडून बघू. दांडी उचलेना. मग तशीच खांद्याला लावली. शेवटची. बराच वेळ तसाच बसलो. वाटलं, ठाण्यात सगळ्यांदेखत हरण्यापेक्षा ती नाहीशी झालेली बरी. तू विचारलंस, रायफल? मी म्हटलं, मफी. चोरी असं मी म्हटलं का?”

नव्हतं म्हटलं. जबाब माझ्याच अक्षरात होता.

“कुठे आहे ती?”

त्यांनी बसल्या जागीच गादीवर हात थोपटला.

गादी उचलताना मी हाताला रुमाल गुंडाळला, हे सांगायला नकोच. रायफल जुन्या काळ्या अंगरख्यात गुंडाळलेली होती. आणि तो दस्ता! अक्रोडाची प्रत्येक रेघ जिवंत झाली होती. चीर बुजली होती. एवढं सुंदर आणि एवढं विषारी लाकूड मी पुन्हा पाहिलं नाही.

हाजी चप्पल शोधत होते. “ड्रायव्हरला आणायला मी येणार.”

ठाण्यात कोठडीचं दार उघडलं तेव्हा ड्रायव्हरने आधी हाजींचा गाल पाहिला आणि तोंडावर हात मारून घेतला. “अरे द्येवा! हाजी, तुमी वल्लीच उचलली?”

“तू सांगितलं नाहीस,” हाजी गुरगुरले.

“तुमी तरी कुठं सांगितलंत?”

 मग हाजी आधी हसले; फोडांमुळे अर्ध्याच तोंडाने.

मुदीरांसमोर मी कडक सॅल्यूट ठोकला. “शस्त्र मिळून आलं, सर. घरातच. गैरसमज.”

“आणि आरोपी?”

“हिंदुस्थानी आहे, सर. झाडावर राहतो. व्हिसा नाही.”

त्यांनी सगळी हकीकत ऐकली, पहिल्यांदा टेबलावर मूठ आपटली आणि दुसऱ्यांदा हसताना पुन्हा आपटली. पुतण्याने तक्रार मागे घेतली. राहिला परवाना. मी रात्रभर नाही, पण दुपारभर नियमावली चाळली. फायरिंग पिन, म्हणजे गोळीच्या बुडावर आदळणारी सुई, काढून ठाण्याच्या शस्त्रागारात जमा केली की रायफल घरात नुसती ठेवण्यापुरता परवाना देता येत होता, आणि त्यात देखभाल करणाऱ्याचं दुसरं नावही घालता येत होतं. मुदीरांनी सही केली. हरणाने नक्कीच सुटकेचा श्वास टाकला असेल.

बुधवारी ठरल्या वेळी तपासणी झाली. रायफलीच्या दस्त्याला फडकं गुंडाळलेलं. हाजींनी दांडीवर अंगठा ठेवला, ड्रायव्हरने त्या अंगठ्याखाली आपली दोन बोटं. दांडी वर गेली, बोल्ट मागे आला. मी या वेळी खिडकीबाहेर पाहिलं नाही. डोळे भरून समोर पाहिलं आणि आदल्या वर्षीच्या शेऱ्याखाली लिहिलं: ‘शस्त्र उघडून दाखवले.’ कुणी, ते लिहिलं नाही. गुरुवारी विमानतळावर त्या लांब छत्रीवरून अधिकाऱ्यांनी हुज्जत घातली, तेव्हा आमचा बलुची हवालदार पुढे झाला आणि मोठ्या रुबाबात म्हणाला, “तपासली आहे. मी स्वतः उघडली होती. धोकादायक आहे, आतमध्ये उघडू नका.”

महिन्याभराने ड्रायव्हर परत आला तो फोटो घेऊन. पालखी, वर लाल छत्री, खाली गुलालाने माखलेला त्याचा खांदा. हाजींनी तो फोटो रायफलीच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला लावला.

पोलिसाला वाटतं की आपण गुन्हे शोधतो. या प्रकरणात गुन्हा नव्हताच; होती ती दोन माणसं, एकमेकांची अब्रू झाकायला गप्प राहिलेली. आणि त्या दोघांना गप्प बसायला लावलं होतं माझ्या एका ओळीने, जी लिहायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. नियम बरोबर होता, शेरा बरोबर होता, फक्त लिहिताना मी मान वर करून समोरच्या माणसाकडे बघितलं नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत शेरा लिहिण्याआधी मी पेन खाली ठेवायचो, समोरच्याचा हात बघायचो, आणि मगच लिहायचो.

हाजींच्या गालावर तो डाग शेवटपर्यंत राहिला. दरवर्षी तपासणीला आले की हरणाची गोष्ट सांगून झाल्यावर त्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “तुमच्या कोकणाने माझा मुका घेतला, साहेब. तूही एकदा नेम धरून बघ.”

रायफल लखलखत असायची. मी नळीतून बघायचो, नंबर ताडायचो, सही करायचो. गाल मात्र कधी टेकवला नाही.